फाइलमधल्या चार तारखा: सार्कॉइडोसिस नेमका कोणत्या ऋतूत सुरू झाला?

रुग्ण: स्त्री, वय ३६, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला पाठवलेली. तक्रारी अशा: तीन आठवडे मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, घट्ट बद्धकोष्ठता, रात्री चार-चार वेळा उठून पाणी प्यावं लागे इतकी तहान. टीबीच्या गोळ्या जूनपासून सुरू. मळमळ त्या गोळ्यांचीच असणार असं गृहीत धरून दोनदा लिव्हरच्या तपासण्या झाल्या, त्या ठीक आल्या. तिसऱ्या वेळी कुणीतरी कॅल्शियम बघितलं, ते निघालं ११.८. साडेदहाच्या वर ते असू नये. क्रिएटिनिन १.४, म्हणजे किडनीवर ताण येऊ लागलेला.

(हे प्रकरण एका बाईंची फाइल जशीच्या तशी उतरवून लिहिलेलं नाही. अशा रुग्णांच्या हकिकतींमध्ये जे पुन्हापुन्हा दिसतं ते एकत्र जुळवलं आहे. वैद्यकीय तपशील मात्र खरे आहेत.)

फाइल चांगली जाडजूड होती. वरून खाली वाचत गेलं तर पहिल्यांदा कॅल्शियमचा रिपोर्ट, त्याखाली टीबीचं कार्ड, त्याखाली मे महिन्यातला छातीचा एक्स-रे, आणि अगदी तळाशी एप्रिलमधली एक चिठ्ठी: ‘दोन्ही घोटे सुजलेले, ताप, चिकुनगुनिया?’ खाली वेदनाशामक गोळ्या आणि व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी, दर आठवड्याला एक. पुडी किती आठवडे घ्यायची ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी ती सहा महिने घेतली. सांधे दुखतात म्हटल्यावर आपल्याकडे ही पुडी हातावर पडतेच, आणि एकदा सुरू झाली की ती बंद करायला कुणी सांगत नाही.

टीबीच्या गोळ्या चालू असताना वाढलेलं कॅल्शियम, छातीत दोन्ही बाजूंना सारख्या वाढलेल्या गाठी, आणि सुरुवातीला दोन्ही घोट्यांची सूज. इथवर आल्यावर छातीरोगाच्या डॉक्टरच्या मनात सार्कॉइडोसिस येतोच, म्हणजे फुफ्फुसांत, छातीतल्या गाठींत आणि इतरत्र प्रतिकारशक्तीच्या पेशींचे बारीक पुंजके तयार होणारा, नेमकं कारण न सापडलेला आजार. पण या लेखाचा रोख निदानापेक्षा त्या तळाच्या चिठ्ठीवर जास्त आहे. सार्कॉइडोसिस वर्षातल्या ठरावीक काळात जास्त सुरू होतो का, हा प्रश्न जगभर निदान पन्नास वर्षं तरी विचारला जातो आहे. त्याचं उत्तर अवघड का आहे, हे या एका फाइलमधून जितकं नीट दिसतं तितकं मोठ्या तक्त्यांमधून दिसत नाही.

सुरुवात शोधताना

‘दुखणं कधी सुरू झालं?’ या प्रश्नाला बाईंचं पहिलं उत्तर होतं, ‘मे महिन्यात, सुट्टीत.’ हे उत्तर चुकीचं होतं, पण खोटं नव्हतं. एक्स-रे मे महिन्यात निघाला आणि ‘छातीत गाठी आहेत’ हे तेव्हा कळलं. घरच्यांच्या लेखी आजार तिथून सुरू झाला.

तारखा विचारून उपयोग होत नाही, सण विचारावे लागतात. पाडव्याला काय होतं? पाडव्याला नवी साडी नेसताना नडग्यांवर दुखऱ्या गाठी हाताला लागल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, काहीतरी चावलं असेल. त्याआधी घोटे? सकाळी पलंगावरून उतरताना पाऊल टेकवत नव्हतं, ते शिमग्याच्याही आधी. शाळेत जिना चढायला लागायचा म्हणून त्यांनी वर्ग खाली मागून घेतला होता, आणि तो बदल हजेरीपटावर होता. त्यावरून मार्चचा पहिला आठवडा पक्का झाला. शिक्षक रुग्ण असण्याचा हा एक फायदा.

नडग्यांवरच्या त्या गाठी म्हणजे एरिथिमा नोडोसम. पुस्तकातल्या फोटोत त्या लालभडक दिसतात, कारण फोटो गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या पायावर लाली दिसत नाही. जांभळट-काळपट डाग दिसतो, खाली हाताला गरम लागणारी, दाबली की कळ येणारी गाठ असते. साडीखाली ती कुणाला दिसत नाही आणि घोटे सुजलेत म्हणून आलेल्या बाईला नडग्या दाखवा असं सहसा कुणी म्हणत नाही. तीन-चार आठवड्यांत त्या गाठी मागे डाग ठेवून विरून गेल्या. एप्रिलमधल्या चिठ्ठीत त्यांचा उल्लेख नाही.

चिकुनगुनियाची शंका चुकीची ठरली, पण ती येणं स्वाभाविक होतं. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात ताप आणि सुजलेले घोटे म्हटलं की पहिलं नाव तेच येतं. फक्त तो डासांचा आजार आहे, आणि आपल्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो. मार्चमध्ये, कोरड्या तालुक्यात, घरात दुसरं कुणी आजारी नसताना फक्त एका बाईला चिकुनगुनिया होणं अशक्य नाही, पण त्याआधी दोन-तीन इतर गोष्टी आठवायला हव्यात. ऋतू निदानाला मदत करतो तो असा, शंका कमी-जास्त करण्यापुरता.

नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संधिवात केंद्राचा २००२ सालचा एक अभ्यास या जागी फार कामाचा आहे. नव्याने सांधे सुजलेल्या शेकडो रुग्णांमधून सार्कॉइडोसिसच्या ५५ जणांना वेगळं काढताना त्यांनी चार खुणा निवडल्या: दोन्ही घोटे सारखे सुजलेले, त्रास दोन महिन्यांच्या आतला, वय चाळिशीच्या आत, आणि एरिथिमा नोडोसम. यातल्या तीन जरी जुळल्या तरी ९३ टक्के रुग्ण ओळखता आले आणि दुसऱ्याच आजाराचे जवळजवळ सगळे, ९९ टक्के, बाजूला पडले. या बाईंना एप्रिलमध्ये चारही खुणा लागू होत्या. त्याच अभ्यासात आजाराची सुरुवात मार्च ते जुलै या महिन्यांत एकवटलेली दिसली होती. अर्थात लायडनचा आकडा लायडनच्या रुग्णांचा आहे. जिथे एरिथिमा नोडोसमचं कारण म्हणून टीबी आणि घशाचा स्ट्रेप्टोकोकस दारात उभे असतात, तिथे ९९ टक्क्यांवर डोळे मिटून विसंबता येणार नाही. तरीही त्या चार खुणा आठवल्या असत्या तर एक्स-रे एप्रिलमध्येच निघाला असता.

टीबीच्या गोळ्या आणि ‘लागू पडलेलं’ औषध

एक्स-रे मे महिन्यात का? वार्षिक परीक्षा, पेपर तपासणं, निकालपत्रकं, आणि मग सुट्टी. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई एप्रिलमध्ये सोलापूरला दोन दिवस जाऊ शकत नाही. एखाद्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने आपल्या नोंदवहीवरून ‘सार्कॉइडोसिस उन्हाळ्यात जास्त’ असं काढलं, तर त्यात आजाराचा वाटा किती आणि शाळांच्या सुट्टीचा किती, हे आधी तपासायला हवं.

एक्स-रेत फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. मँटू टेस्ट, म्हणजे टीबीसाठी हातावर टोचून करतात ती चाचणी, पूर्ण कोरी, शून्य. छातीतल्या गाठी टीबीच्या असतील तर मँटू शून्य येणं हीच खरं तर विचारात पडण्याची गोष्ट. सार्कॉइडोसिसमध्ये ही प्रतिक्रिया बऱ्याचदा मावळते. पण जिथे दर लाख लोकांमागे दर वर्षी दोनशेच्या आसपास नवे टीबी रुग्ण होतात, तिथे छातीत गाठी दिसल्या की टीबीच्या गोळ्या सुरू होणं ही नेहमीची वाट आहे. जूनमध्ये चार औषधांचा कोर्स सुरू झाला.

पुढे जे झालं त्याने सगळ्यांची समजूत पक्की केली. पहिल्या दोन महिन्यांत सांधे पुन्हा दुखू लागले. त्या चारांपैकी पायराझिनामाइड हे औषध युरिक ॲसिड वाढवतं आणि त्याने सांधे दुखतात, म्हणून ‘हा औषधाचा परिणाम, सहन करा’ असं सांगितलं गेलं. दोन महिन्यांनी ते औषध नियमाप्रमाणे थांबलं, सांधेही थांबले. ताप तर कधीच गेला होता. बाई म्हणाल्या, ‘गोळ्यांनी गुण आला.’ सार्कॉइडोसिसचा हा झटकन सुरू होणारा प्रकार आपल्या आपण उतरतो, बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत. त्या काळात जे औषध पोटात असेल ते श्रेय घेऊन जातं.

पुण्यात सीटी झाला. छातीतल्या गाठी तशाच, दोन्हीकडे सारख्या. फुफ्फुसात विशेष काही नाही. ब्राँकोस्कोपीच्या नळीतून अल्ट्रासाऊंडच्या मदतीने गाठीत सुई घालून तुकडा घेतला. त्यात घट्ट, सुबक ग्रॅन्युलोमा (म्हणजे वर सांगितलेले पेशींचे पुंजके), मध्ये टीबीत दिसतो तसा कुजलेला भाग नाही. टीबीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह, आणि पुढे कल्चरमध्येही काही उगवलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, ईसीजी काढला, दोन्ही स्वच्छ. टीबीच्या गोळ्या थांबवल्या.

नोंदवहीत कोणती तारीख लिहायची?

आता फाइलमध्ये चार तारखा झाल्या. पहिलं लक्षण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पहिला डॉक्टर एप्रिलमध्ये. पहिला एक्स-रे मे महिन्यात. आणि निदान ऑक्टोबर संपताना. एकाच बाईचा एकच आजार थंडी सरताना सुरू झाला, भर उन्हाळ्यात दिसला आणि पाऊस परतल्यावर ओळखला गेला. रुग्णालयाच्या नोंदीत तारीख जाते ती शेवटची, बायोप्सीची.

सार्कॉइडोसिसचा बहुतेक प्रकार याहून अवघड असतो. खोकला, थकवा, हळूहळू लागणारी धाप. ‘कधीपासून?’ विचारलं तर ‘झाले असतील आठ-दहा महिने, की वर्ष?’ असं उत्तर मिळतं. या रुग्णांच्या सुरुवातीला ऋतू असला तरी तो सापडणार नाही, कारण सुरुवातच सापडत नाही. म्हणूनच ऋतूचा जो ठोस पुरावा आहे तो जवळजवळ सगळा एकाच प्रकाराभोवती आहे. एरिथिमा नोडोसम, घोट्यांची सूज, ताप आणि छातीत दोन्ही बाजूंच्या गाठी, या एकत्र येण्याला लोफग्रेन सिंड्रोम म्हणतात. स्टॉकहोमच्या स्वेन लोफग्रेन यांनी १९४६ साली एरिथिमा नोडोसमच्या १८५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास छापला. तोवर या गाठी म्हणजे बहुधा टीबीच, असं समजलं जाई. अनेकांच्या बाबतीत मागे टीबी नसून सार्कॉइडोसिस आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. स्वीडनने सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी सोडवलेला तो गुंता सोलापूरच्या या फाइलमध्ये आजही जसाच्या तसा आहे. तो तसा राहण्याचं कारण डॉक्टरांचं अज्ञान नव्हे. स्वीडनमधून टीबी हटला, आपल्याकडून हटलेला नाही.

लोफग्रेनचा रुग्ण सुरुवातीची तारीख सांगू शकतो. पाऊल टेकवत नाही तो दिवस माणूस विसरत नाही. आणि अशा रुग्णांची सुरुवात महिन्यांवर मांडली की स्पेन, ग्रीस, स्वीडन, तुर्कस्तान, सगळीकडे उंचवटा वसंताच्या बाजूला दिसतो. स्पेनमधून १९८९ मध्ये तसं लिहिलं गेलं. बार्सिलोनाच्या बेल्वित्गे रुग्णालयाने १९९९ मध्ये १८६ रुग्णांची मांडणी केली, त्यातही तेच. इस्तंबूलच्या ८७ रुग्णांतही तेच.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास आकाराने लहान आहे, न्यूझीलंडचा, १९९८ सालचा. युरोपातला वसंत म्हणजे मार्च ते मे. पण मार्च ते मे मध्ये इतरही पुष्कळ घडतं: परीक्षा असतात, सुट्ट्या असतात, आर्थिक वर्षं बदलतात. न्यूझीलंडमध्ये वसंत येतो तो आपल्याकडे पाऊस परतत असताना. एरिथिमा नोडोसमने सुरू झालेल्या तिथल्या रुग्णांची गर्दीही तिथल्या वसंतात दिसली, मार्चमध्ये नाही. म्हणजे उंचवटा कॅलेंडरच्या पानाला चिकटलेला नाही, तो हवामानाबरोबर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला. एक लहान अभ्यास सगळं सिद्ध करत नाही, हे खरं. पण ‘हे सगळं नोंदीतल्या सवयींमुळे दिसतंय’ या आक्षेपाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

भारतात काय? लोफग्रेनचा पूर्ण संच आपल्याकडे कमी दिसतो, एरिथिमा नोडोसमही युरोपाच्या मानाने पुष्कळ कमी. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या छातीरोगतज्ज्ञांनी त्यांच्या रुग्णांचा ऋतुमानाने आढावा घेऊन २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्यांना कल उन्हाळ्याकडे दिसला. इथे थोडं थांबायला हवं. स्टॉकहोममध्ये एप्रिलमध्ये बर्फ वितळत असतं, सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. महिने साधारण तेच असले तरी हवा, ऊन, परागकण, घरात बसण्याच्या सवयी, यातलं काहीही सारखं नाही. मग दोन्हीकडे काय सारखं आहे? एक शक्यता अशी की थंडीतल्या श्वसनाच्या संसर्गांची लाट दोन्हीकडे नुकतीच ओसरलेली असते. आपल्याकडे फ्लूचा एक जोर पावसाळ्यात असतो आणि दुसरा जानेवारी ते मार्चमध्ये. ही शक्यता आहे, यापलीकडे तिला वजन देऊ नये.

आणि एक सावधगिरी आकड्यांची. सार्कॉइडोसिस विरळ आजार. एका डॉक्टरच्या हाती बऱ्याच वर्षांत असे वीस रुग्ण येतात. वर्षाचे चार ऋतू धरले तर प्रत्येकात पाच यायला हवेत. एखाद्या ऋतूत नऊ आले की डोळे चमकतात, लेख लिहावासा वाटतो. हिशोब केला तर आजाराला ऋतूशी काही देणंघेणं नसतानाही, वीस रुग्णांत कुठल्या ना कुठल्या ऋतूत नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण सहात एक असते. त्यात ऋतूच्या सीमा आकडे बघून ठरवल्या, फेब्रुवारी घ्यायचा की सोडायचा हे नंतर ठरवलं, तर ती आणखी वाढते. म्हणून एका दवाखान्याच्या अनुभवावरून ‘आमच्याकडे उन्हाळ्यात जास्त येतात’ असं कुणी म्हटलं, मी म्हटलं तरी, त्याला फार महत्त्व देऊ नये.

धुळीचा संशय

बाईंचं स्वतःचं मत पक्कं होतं: ‘वर्षाच्या धान्याच्या धुळीनं झालं.’ एप्रिलमध्ये गहू-ज्वारी उन्हात घालणं, चाळणं, निवडणं, कडुलिंबाचा पाला किंवा बोरिक पावडर लावून कणगीत नाहीतर पत्र्याच्या कोठीत भरणं. आठवडाभर घरात धूळच धूळ. हे मत हसण्यावारी न्यायचं कारण नाही. सेंद्रिय धूळ, बुरशी, कीटकनाशकं यांचा सार्कॉइडोसिसशी संबंध शोधला गेला आहे. अमेरिकेत दहा केंद्रांनी मिळून केलेल्या ‘ॲक्सेस’ नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, शेतीकाम, कीटकनाशकं आणि बुरशी लागलेल्या कामाच्या जागा यांच्याशी सौम्य संबंध दिसला. एकच एक कारण मात्र सापडलं नाही. गंमत म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार कमी दिसला, जो निष्कर्ष रुग्णाला सांगताना डॉक्टरची जीभ अडखळते.

पण बाईंच्या मताची अडचण तारखेत आहे. धान्य एप्रिलमध्ये भरलं, घोटे मार्चमध्ये सुजले. निदानाची ऑक्टोबरची तारीख धरली असती तर धान्याची धूळ, जूनमधली घराची गळती, श्रावणातली बुरशी, गणपतीतला धूप, सगळेच संशयित रांगेत उभे राहिले असते. मे महिन्याची धरली असती तर धान्य पहिल्या नंबरावर. मार्चची धरल्यावर ही सगळी मंडळी सुटतात.

मग किती मागे जायचं? याचा थोडासा अंदाज एका जुन्या चाचणीवरून येतो. नॉर्वेच्या क्व्हाइम यांनी १९४१ मध्ये सुचवलेली ही चाचणी आता कुणी करत नाही. सार्कॉइडोसिसच्या रुग्णाच्या गाठीतून किंवा प्लीहेतून तयार केलेलं द्रावण संशयित रुग्णाच्या त्वचेत टोचायचं. त्याला हा आजार असेल तर त्या जागी चार ते सहा आठवड्यांनी ग्रॅन्युलोमा तयार होई. आजार नैसर्गिकपणे सुरू होतानाही इतकाच वेळ लागतो असं यातून सिद्ध होत नाही, पण शरीराला ग्रॅन्युलोमा रचायला किती अवधी लागतो याची कल्पना येते. त्या हिशोबाने बाईंच्या बाबतीत जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ बघावा लागेल, म्हणजे संक्रांत होऊन गेलेली, ज्वारीची काढणी तोंडावर. विचारल्यावर आठवलं: घरात दोघा मुलांना सर्दी-खोकला झाला होता, त्यांनाही. रविवारी दोनदा शेतावर गेल्या होत्या. अर्धं गाव त्याच शेतांवर होतं आणि अर्ध्या गावाला तीच सर्दी होती. दुसऱ्या कुणाला सार्कॉइडोसिस झाल्याचं ऐकिवात नाही. यापुढे हा माग नेता येत नाही. जनुकीय जडणघडण, नेमकं काय श्वासातून गेलं आणि त्या वेळची प्रतिकारशक्तीची अवस्था, या तिन्हींचा मेळ एकाच माणसात का बसतो, ते एका फाइलवरून कळणार नाही.

संपर्काची तारीख ठाऊक असलेली एक घटना इतिहासात आहे, ती न्यूयॉर्कची. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळल्यावर त्या धुळीत उतरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांमध्ये पहिल्या पाच वर्षांत सार्कॉइडोसिससारख्या आजाराचे २६ रुग्ण सापडले, त्यातले १३ पहिल्याच वर्षात. दलातल्या माणसांची छातीची तपासणी आधीपासून नियमित होत असे, म्हणून ही वाढ दिसली. धुळीचा दिवस माहीत, माणसं माहीत, आधीचे एक्स-रे हाताशी. गावातल्या बाईच्या बाबतीत यातलं काही नसतं, असते ती फक्त तिची आठवण, आणि तीही नीट विचारली तर.

उन्हाचा दुसरा खेळ

ऑक्टोबरमध्ये ज्या लक्षणांनी बाईंना पुण्यात आणलं, त्यांनाही ऋतू आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. सार्कॉइडोसिसच्या ग्रॅन्युलोमातल्या पेशी व्हिटॅमिन डीला त्याच्या कामाच्या, म्हणजे सक्रिय रूपात बदलतात. हे काम एरवी किडनी करते, आणि गरजेपुरतं झालं की थांबवते. ग्रॅन्युलोमाला तो लगाम नाही. जितका कच्चा माल मिळेल तितकं सक्रिय व्हिटॅमिन तयार होत जातं, आतडी जास्त कॅल्शियम ओढतात, लघवीतून कॅल्शियम जातं, मूतखडे होतात, किडनी थकते. कच्चा माल दोन वाटांनी येतो: कातडीवर पडणारं ऊन आणि तोंडाने घेतलेलं व्हिटॅमिन. म्हणून सार्कॉइडोसिसच्या रुग्णांत कॅल्शियम उन्हाळ्यात चढतं हे युरोपात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाईंच्या बाबतीत ऑक्टोबरच्या उन्हाचा वाटा किती हे मोजता येत नाही. दर आठवड्याच्या साठ हजार युनिटांचा वाटा मोठा होता, यात मला शंका नाही.

याचा ऋतूच्या अभ्यासांशी थेट संबंध आहे. एखाद्या रुग्णाचा आजार वर्षभर मुका राहतो आणि उन्हाळ्यात मूतखड्याने किंवा वाढलेल्या कॅल्शियमने बोलू लागतो. नोंदीत तो ‘उन्हाळ्यात सुरू झालेला’ म्हणून जातो. तो सुरू झालेला नसतो, उन्हाळ्यात फक्त उघडकीला आलेला असतो. मार्चमधले घोटे आणि ऑक्टोबरमधली मळमळ या दोघांना एकाच रकान्यात टाकलं की ऋतूचा जो काही खरा ठसा असेल तो पुसला जातो.

आणखी एक सापळा तपासणीचा. सार्कॉइडोसिसमध्ये साठवणीच्या व्हिटॅमिन डीची पातळी, म्हणजे नेहमीच्या पॅकेजमध्ये मोजतात ती, बऱ्याचदा कमी येते, कारण माल भराभर सक्रिय रूपात वळतो. कमी पातळी बघून पुडी लिहिली जाते. अशा रुग्णाला पुडी लिहिण्याआधी निदान कॅल्शियम बघावं, आणि शक्य असेल तर सक्रिय व्हिटॅमिनही.

उपचार, आणि बाईंचा प्रश्न

पुडी बंद, भरपूर पाणी, भर उन्हात फिरणं टाळायचं, आणि कॅल्शियमसाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू कमी. नुसत्या लोफग्रेनला स्टिरॉइड बहुतेकदा लागतच नाही. वेदनाशामक गोळ्या आणि धीर पुरतो. मार्चमध्ये ओळखलं गेलं असतं तर या बाईंनाही बहुधा लागलं नसतं. दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियम साडेदहाच्या खाली आलं, मळमळ गेली, क्रिएटिनिन १.० वर आलं. काही महिन्यांत स्टिरॉइड थांबलं.

लोफग्रेन चांगला बरा होतो हे सर्वसाधारणपणे खरं, पण कुणाचा होतो हे बऱ्याच अंशी जन्मजात ठरतं. स्टॉकहोमच्या १५० रुग्णांच्या अभ्यासात एचएलए-डीआरबी१*०३ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांचा आजार दोन वर्षांत विरला, तो नसलेल्यांपैकी फक्त ४९ टक्के लोकांचा. बाईंची ही तपासणी केली नाही. तिच्या निकालाने उपचारात काही फरक पडला नसता, आणि खर्च त्यांच्या खिशातून गेला असता. छातीचे एक्स-रे ठरावीक अंतराने काढले, गाठी पुढच्या वर्षभरात लहान होत गेल्या.

फेब्रुवारीत तपासणीला आल्या तेव्हा बाईंनी विचारलं, ‘डॉक्टर, आता शिमगा आला. परत सुजेल का?’ ऋतूबद्दल मी त्यांना एवढे प्रश्न विचारले होते की ही भीती मीच त्यांच्या मनात घातली असावी. त्यांना सांगितलं ते असं: बाई, हा परागज्वरासारखा दर वर्षी त्याच महिन्यात फिरून येणारा आजार नाही. सुरुवात कोणत्या ऋतूत झाली यावरून तो परत कधी येईल हे सांगता येत नाही, आणि लोफग्रेन एकदा पूर्ण उतरला की बहुतेकांना पुन्हा होत नाही. घोटे सुजले, डोळा लाल होऊन दुखला, नजर धूसर झाली, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर महिना कुठलाही असो, लगेच या. सांध्यांसाठी कुणी व्हिटॅमिन डीची पुडी दिली तर घेण्याआधी कॅल्शियम तपासा. आणि वर्षाचं धान्य खुशाल भरा, नाकाला पदर बांधून.